हळदीचे हात

सकाळी दहाच्या सुमारास मी माळेवाडीच्या अंगणवाडीपुढं गाडी उभी केली आणि भिंतीकडं बघून तिथंच थांबलो.

आदल्या संध्याकाळी त्या भिंतीला चुन्याचा दुसरा हात देऊन मी गेलो होतो. पांढरीस्वच्छ भिंत. आता तिच्यावर माझ्या कमरेच्या उंचीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल हात उमटले होते. लहान लहान. पाच-पाच बोटांचे. पन्नासेक तरी असतील.

"कुणी केलं हे?" मी ओरडलो.

आतून एक मुलगी बाहेर आली. पंचविशीची असेल. साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. मला वाटलं, माफी मागेल. ती म्हणाली, "बरं झालं आलात. मीच विचारणार होते. काय लावलंय तुम्ही या भिंतीला?"

"काय लावलंय म्हणजे? चुना लावलाय."

"मग हात लाल कसे उमटले? मी पोरांना हळद कालवून दिली होती, पेपरवर ठसे काढायला. पेपर भरले, म्हणून भिंतीकडं वळली ती. पण हळद पिवळी असते ना?"

"ते मला विचारताय?"

"दुकानदारानं भेसळ दिली असणार. आत्ता जाते आणि त्याला..."

"ताई, आधी पोरांचे हात धुवा!" मला एकदम सुचलं. "चुना ओला आहे अजून. डोळ्यात गेला तर आग होईल."

ती दचकली. मदतनीस कोंडाबाई बादल्या भरत गेल्या आणि मी आणि ती पायरीवर बसून एकेक हात धुवत गेलो. सव्वीस पोरं होती. मी रागावत होतो आणि धूत होतो. युसरा नावाच्या एका चिमुरडीचा एकच हात रंगला होता, कारण दुसऱ्या हातात बिस्कीट होतं. ते बिस्कीट तिनं मला देऊ केलं.

पुढं लग्नानंतर कधीतरी तिनं, म्हणजे राजेश्वरीनं, सांगितलं, की तिला मी आवडलो तो त्याच सकाळी. मी म्हणालो, मी तर शिव्या देत होतो. ती म्हणाली, "देत होतात. पण बोटांच्या बेचक्यातला चुनासुद्धा काढत होतात."

ती असती तर ही गोष्ट तिनंच सांगितली असती, पोरांना सांगतात तशी, हातवारे करून. मला गोष्टी सांगता येत नाहीत. मी पेंटर आहे. पाट्या लिहितो, भिंती रंगवतो. जशी झाली तशी सांगतो.

हात धुऊन झाल्यावर ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "आता सांगा. लाल कशी झाली?"

"चुना लागला की हळद लाल होते. जुन्या बाया हळदीचंच कुंकू करायच्या की. तुम्हाला माहीत न्हाई?"

तिनं वाटीत हळद कालवली. मी माझ्या बादलीतला चुना काडीनं वाटीत टाकला. काडी फिरवली, तशी वाटीत लाल रेघ उमटली, मग सगळी वाटी लाल झाली. ती बघत राहिली. मी वाटीकडं नाही, तिच्याकडं बघत होतो.

"बारावीला सायन्स होतं माझं," ती हळूच म्हणाली. "लिटमसचा कागद पाठ केला होता. लाल होतो, निळा होतो. आणि डब्यातली हळद तेच करते, हे कुणी सांगितलंच नाही..." मग एकदम वळून, "ए पोरांनो, इकडं या! पेंटरकाकांनी जादू आणलीय!"

"जादू न्हाई, चुना आहे."

"तुम्ही मास्तर व्हायला पाहिजे होतं."

"सातवी नापास आहे मी."

"मग पेंटरच बरे," ती म्हणाली आणि हसली. वरच्या ओठाला हळद लागली होती. ते मी तिला सांगितलं नाही.

मी परत चुना मारायला निघालो, तर ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. साडीला चुना लागतोय याचं तिला भान नव्हतं. "पुसू नका. प्रत्येकानं आपला हात ओळखलाय. तो पुसला तर उद्या रडतील."

"सरपंचांनी मोर काढायला सांगितलाय इथं."

"काढा की मोर. हे हात म्हणजे त्याची पिसं."

"पन्नास पिसं?"

"उरतील त्यांचे मासे करा. कोंबड्या करा. पेंटर कोण आहे, तुम्ही का मी?"

मी भूमचा. मुक्कामाला येरमाळ्यात मावशीकडं होतो. माळेवाडीचं काम दोन दिवसांचं धरलं होतं. ते नऊ दिवस चाललं.

कारण प्रत्येक पोराला आपल्या हाताचं वेगळं काही पाहिजे होतं. एकाला ट्रॅक्टर, एकीला बकरी. युसराला तिच्या हाताची मांजर पाहिजे होती आणि मांजरीला चष्मा. मी शिडीवरून उतरून गुडघ्यावर बसायचो; खालची तेवढ्या उंचीची भिंत त्यांची होती. तिसऱ्या दिवशी लाल हात परत पिवळे पडायला लागले. पोरं घाबरली. राजेश्वरीनं मला विचारलं, असं का? मी म्हणालो, चुना वाळला की त्याचा जोर जातो, एवढंच मला माहीत आहे. तिनं ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी वहीत लिहून घेतलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

रोज अकरा वाजता पोरांची खिचडी शिजेपर्यंत ती काहीतरी काढायची. ताटलीत पाणी, पाण्यावर मिरपूड. बोटाला साबण लावून मधोमध टेकवलं की मिरपूड कडेला पळायची आणि सव्वीस पोरं किंचाळायची. कधी पिशवीत हात घालून ओळखायचं, आत काय आहे. कापूस, चिंचोका, भेंडी. एका पोरानं आत हात घालताच ओरडून सांगितलं, "येडाईचा खडा!" चुनखडी होती. चैत्रात येडेश्वरीच्या, म्हणजे येडाईच्या, यात्रेला लोक चुनखडी वेचतात; आईच्या कडेवरून उतरून त्यानंही ती वेचली होती. त्याची बोटं ती विसरली नव्हती.

एक दिवस वासाचे डबे होते. फडक्यानं तोंड बांधलेले सहा डबे. ओवा, हिंग, धने, लसूण असलं काहीबाही. डोळे मिटून ओळखायचं.

"पेंटर, या. तुमचा नंबर."

मी डोळे मिटले. तिनं डबा नाकाशी धरला. बांगड्या वाजल्या तेवढं कळलं.

"काय आहे?"

"...धने?"

पोरं हसली. दुसरा डबा. "हा?"

"लसूण असेल."

"हिंग होता पेंटर! माणूस दारात उभा असला तरी त्याला कळतो हिंग!"

मी डोळे उघडले. खरं सांगून टाकलं. "मला वास येत न्हाई, ताई. बारा वर्षं टर्पेंटाईन नि ऑइलपेंट. नाक मेलंय. आई म्हणते भाजी करपली, तेव्हा मला कळतं."

ती हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी तिनं एक छोटी डबी माझ्या हातात दिली. "ओवा आहे. कामावर असताना अधूनमधून हुंगायचा. आठवडाभर तोच. मग दुसरं देते."

"त्यानं काय होतं?"

"काही होईल का, ते बघायचंय. पोरांना मी असंच शिकवते. एक धरायचं, रोज धरायचं."

मी ती डबी शर्टाच्या खिशात ठेवली. वास आला नाही. पण दिवसातून दहा वेळा डबी उघडत होतो हे खरं.

कोंडाबाईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. साठीच्या बाई, चुलीपुढं बसून सगळं बघायच्या. सातव्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेलो तर म्हणाल्या, "पेंटर, ब्रश लई हळू चालतुय तुमचा."

"बारीक काम आहे, मावशी."

"व्हय व्हय, बारीकच हाय. आन दोन दिवस झालं, तुमी तिला ताई म्हणायचं सोडलंय. म्या मोजतीय."

मी तांब्या तिथंच ठेवून बाहेर आलो. माझं मलाच कळलं नव्हतं.

आठव्या दिवशी परात होती. मोठ्या परातीत ज्वारी भरलेली आणि ज्वारीत लपवलेल्या वस्तू. बटण, शिंपला, बाटलीचं झाकण. न बघता शोधायच्या. पोरांचं झालं तरी शिंपला कुणाला सापडला नव्हता. युसरानं माझं बोट धरून मला परातीशी बसवलं. मी ज्वारीत हात घातला. दाणे गार होते. पलीकडून राजेश्वरीनंही हात घातला होता. शिंपला शोधताना माझ्या बोटांना तिची बोटं लागली.

वरून काहीच दिसत नव्हतं. नुसती ज्वारी.

तिनं हात काढला नाही. मीही काढला नाही. एवढंच झालं... पण मी तेरा वर्षं ज्वारीच्या पोत्यात हात घालताना ते आठवत आलोय.

"सापडला?" युसरानं विचारलं.

"न्हाई अजून," राजेश्वरी म्हणाली. ती परातीकडंच बघत होती. कान लाल झाले होते.

त्याच दिवशी दुपारी तिला घरून बोलावणं आलं. ती लवकर गेली. मी कोंडाबाईंना विचारलं, काय झालं?

"बघायला आलेत तिला. बार्शीकडचं स्थळ हाय."

मी मोराच्या डोळ्यात रंग भरत होतो. डोळा चुकला.

"घाबरू नगा," कोंडाबाई भांडी आवरत म्हणाल्या, "ती न्हाई म्हणनार. ह्यो तिसरा पाव्हणा. लिंबाजी, तिचा बाप, डोक्याला हात लावून बसलाय. पर ती तरी काय करंल? अंगणवाडीला सेविका गावातलीच लागती. लगीन करून दुसऱ्या गावाला गेली की नोकरी गेली. ती म्हणती, ही पोरं सोडून म्या जानार न्हाई. आता असा नवरा कुठून आणावा, की ज्याचं घर बी माळेवाडीतच हाय? गावातली पोरं तर समदी तिला भाऊच लागत्यात."

नवव्या दिवशी काम संपलं. शिडी गाडीला बांधली. राजेश्वरी पायरीवर उभी होती.

"झालं?"

"झालं."

"रंग टिकेल ना?"

"टिकेल की. ...तरी मी येऊन बघून जाईन मधून मधून."

"या," ती म्हणाली. "भिंतीचा भरवसा नसतो."

पुढचे दोन महिने मी दर शनिवारी भूमहून माळेवाडीला जात होतो. चांगला दीड तासाचा रस्ता. रंग बघायला. रंग अगदी पक्का बसला होता. आम्ही दोघं भिंतीपुढं उभे राहून तो गंभीरपणानं तपासायचो. ती विचारायची, "या कोंबडीची चोच सुटल्यासारखी वाटते का?" मी म्हणायचो, "पुढच्या शनिवारी परत बघावी लागेल." ओव्यानंतर डबीत दालचिनी आली, मग सुंठ. सुंठेच्या आठवड्यात मला नाकात काहीतरी टोचल्यासारखं झालं. मी धावत येऊन तिला सांगितलं तर ती टाळ्या वाजवायला लागली, जसा मी चार वर्षांचा आहे.

आणि मग मी चूक केली.

भूमला आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली. मला वाटलं, देवानंच काढली. मी चौकशी करून आलो, कोरा अर्ज घेतला, घडी घालून खिशात ठेवला. शनिवारी माळेवाडीत पोचलो तेव्हा राजेश्वरीपुढं दोन ग्लास होते. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं. साध्या पाण्यात अंडं बुडालं होतं. तेच काढून तिनं मिठाच्या पाण्यात सोडलं, तर वर येऊन तरंगलं.

"खायाचं अंडं पवायला लावतीय पोरगी," कोंडाबाई आतून म्हणाल्या.

पोरं घरी गेल्यावर मी अर्ज पुढं केला. तिनं हात पुसून घेतला, वाचला.

"हे काय?"

"आमच्या गल्लीत जागा निघालीय. लग्न करून आलात की तुम्ही तिथल्या रहिवासी. मग अर्ज करता येतो. मी विचारून आलोय."

"लग्न? कुणाशी?"

"ते... ते अर्जात न्हाई."

तिला हसू आलं. एक क्षणभरच. मला वाटलं, जमलं. मी ग्लासांकडं बोट दाखवलं. मला लई हुशारी सुचली होती. "बघा, अंडं तेच आहे. नुसतं पाणी बदललं, तर वर आलं की न्हाई?"

ती ग्लासाकडं बघत राहिली. हसू गेलं.

"अंड्याला विचारलं होतं का?"

"म्हणजे?"

"पेंटर, ही युसरा गेल्या वर्षी ओल्या मातीत पाय ठेवायची नाही. पिठाला हात लावायची नाही, रडून रडून उलटी करायची. घरचे म्हणायचे, नाटकं करते. मी रोज तिच्या तळहातावर ज्वारीचा एक दाणा ठेवायचे. एकच. दोन महिने. मग दोन दाणे. आता ती परातीत कोपरापर्यंत हात घालते. असं एकेकाचं काही ना काही असतं. माझ्याजागी दुसरी येईल, चांगलीसुद्धा येईल. पण मला जे माहीत आहे ते तिला कागदावर लिहून देता येत नाही." तिनं अर्जाची घडी घातली, होती तशीच. "तुम्ही माझ्यासाठी जागा शोधलीत. मी कुठं म्हटलं होतं की मला जागा पाहिजे?"

"मला वाटलं, दोन्ही जमेल. नोकरी पण आणि..."

"वाईट माणूस न्हाई तुम्ही. पण भिंत रंगवून झाली की तुम्ही शिडी उचलता आणि पुढच्या गावाला जाता. मला तसं येत नाही."

तिनं अर्ज माझ्या हातात दिला. मी निघालो. "रंग बघायला येईन" म्हणायचं तोंड राहिलं नव्हतं.

सहा शनिवार मी गेलो नाही. परंड्याकडं एका शाळेचं काम होतं. शिडीवर उभं राहिलं की खाली बघायचं नसतं, समोर बघायचं, आणि समोर भिंतच असते. त्यामुळं विचार पुष्कळ होतो. मी पहिल्यांदा तिच्यावरच रागावलो. एवढा दीड तास गाडी चालवत जायचो, तिला त्याचं काही नाही. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. मी तिला विचारलं होतं, तुम्ही याल का. मी येऊ का, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. लग्न झालं की बाई घर सोडते, पुरुष सोडत नाही, एवढंच बघत मोठा झालो होतो. पण माझ्या कामाला गाव कुठं होतं? आज परंडा, उद्या भूमजवळचं वाशी. शिडी उभी करायला भूमचीच जमीन लागत नव्हती. तिच्या कामाला मात्र तीच पोरं लागत होती. हे कळायला सातवी पास व्हायची गरज नव्हती. तरी सहा आठवडे लागले.

रात्री जेवताना आईला सांगितलं. माझी आई, धुरपदाबाई, कमी बोलायची. भाकरी थापता थापता थांबली.

"घरजावई व्हतूस?"

"तिच्या घरात न्हाई राहणार. वेगळी खोली घेईन. गाव तिचं, एवढंच."

"लोक नाव ठेवतील."

"ठेवतील."

"तुजा बाप असता तर काठी घेऊन मागं लागला असता."

"आणि तू?"

"म्या काठी टेकूनच चालते. ती मारायला घेतली तर पडंन की मीच." तिनं भाकरी तव्यावर टाकली. माझ्या धाकट्या भावाकडं बघितलं, त्याच्या बायकोकडं बघितलं. "हितं हायेत ही दोघं. जा. पर पोरीला घेऊन दिवाळीला ये. आन तिला सांग, ह्याला वास येत न्हाई, भाजीकडं तूच बघ."

"तिला माहीत आहे ते."

"मंग कशाला इचारतूस मला?" आई म्हणाली.

चैत्र लागला होता. माळेवाडीत युसराच्या आजोबांची, बशीरचाचांची, एक खोली रिकामी होती. चाचांनी विचारलं, "कितने दिवस पायजे?"

"माहीत न्हाई, चाचा."

"मंग कायमचीच म्हन की. भाडं तेवढं येळंवर दे."

राजेश्वरीला मी काही कळवलं नाही. कळवायचं कसं तेच समजेना. सामान टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन नळावर गेलो. नळाला बायांची रांग. मी एकटा पुरुष, घागर घेऊन शेवटी. बाया माझ्याकडं बघून पदरात हसत होत्या. एकीनं विचारलं, "दादा, बायकू आजारी हाय का?" मी म्हणालो, "बायको नाहीच अजून." तर सगळी रांग हसली.

माझा नंबर आला तेव्हा मागून आवाज आला.

"कुणाकडं आलात?"

ती होती. काखेत कळशी. पाठीमागं कोंडाबाई, बादली घेऊन.

"कुणाकडं न्हाई," मी म्हणालो. घागर नळाखाली ठेवली. तिच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून घागरीत बघत होतो. "राहायला आलोय."

"राहायला? कामावर?"

"काम येरमाळ्याला आहे, कळंबला आहे. जाईन रोज. राहणार इथं."

मागच्या रांगेत कुणाचीच बांगडी वाजली नाही.

"किती दिवस?" तिनं हळूच विचारलं.

"तुमच्या गावात आलेला माणूस गावकरी कधी होतो?"

तिनं खरंच विचार केला. तिला काही विचारलं की ती खरंच विचार करायची. "पंधरा वर्षं तर लागतातच," ती म्हणाली. "तोवर पाव्हणाच म्हणतात."

"मग पंधरा वर्षं थांबतो."

"आणि मग?"

"मग तुम्हाला विचारतो."

"पंधरा वर्षांनी? म्हातारी होईन की मी." तिनं कळशी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. आवाज बारीक झाला होता. "...आधी विचारलं तरी चालेल."

मी तोंड वर केलं. काय विचारायचं ते भूमपासून पाठ करत आलो होतो. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. "राहू का?" एवढंच निघालं.

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरले होते, पण ओठ हसायचे थांबत नव्हते.

"पाणी सांडतंय, पेंटर."

घागर केव्हाच भरून वाहत होती. माझे पाय भिजले होते.

"अगं व्हय म्हन की!" मागून कोंडाबाई ओरडल्या. "नंबर अडलाय समद्यांचा!"

"व्हय," राजेश्वरी म्हणाली.

वैशाखात लग्न झालं. लिंबाजीआप्पांनी एवढंच विचारलं, की पोरगी खूश आहे ना. बशीरचाचांच्या खोलीतच आम्ही राहिलो. ती रोज सकाळी डबे, वाट्या, लिंबं पिशवीत भरून अंगणवाडीत जायची आणि मी शिडी घेऊन रस्त्याला लागायचो. संध्याकाळी ती सांगायची, आज कोणत्या पोरानं काय धरलं. ती मला शेवटपर्यंत पेंटरच म्हणाली.

तिचा आजार उशिरा कळला. सात महिने गेले त्यात. शेवटच्या महिन्यापर्यंत ती पोरांत जात होती, चालवत नव्हतं तेव्हा मी गाडीवर नेऊन सोडत होतो. आम्हाला एकूण अकरा वर्षं मिळाली. ती गेली त्याला आता दोन झाली. अंगणवाडीत नवीन सेविका आलीय, चांगली आहे पोरगी. कधीतरी माझ्याकडून चुना मागून नेते.

भूमचा भाऊ दर दिवाळीला फोन करतो. म्हणतो, "दादा, आता तिथं कोण आहे तुझं? घर बांधलंय आपण, एक खोली तुझ्यासाठी ठेवलीय. ये की."

मी त्याला सांगतो, मी पंधरा वर्षं बोललोय. आत्ता कुठं तेरा झालीत.